सातबारा, डेटाबेस आणि एकक चाचणी

पेण किंवा रोहा तालुक्यातील शेतजमिनीचा सातबारा उतारा आता मुंबई-पुण्यात बसून पाहता येतो. डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा १ मे २०१८ पासून मिळू लागला आणि नोकरीनिमित्त शहरात स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांची गावच्या तलाठ्याकडे होणारी एक खेप वाचली. राज्यात अशा उताऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या पुढे आहे. उताऱ्यावरील प्रत्येक ओळ म्हणजे डेटाबेसमधील एक नोंद असते आणि ती नोंद लिहिणारा, बदलणारा, कमी करणारा एक प्रोग्रॅम असतो. त्या प्रोग्रॅममध्ये चूक राहिली तर पीककर्ज अडते, खरेदीखत लांबते, मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात गेलेल्या तुकड्याच्या मोबदल्यावरून भावाभावांत वाद उभा राहतो. अशी चूक आधीच पकडण्याचे जे उपाय संगणकशास्त्रात रूढ आहेत, त्यांतील पहिला म्हणजे ‘युनिट टेस्ट’ किंवा एकक चाचणी. मात्र प्रोग्रॅम डेटाबेसवर विसंबून असला की नेमका हाच उपाय अवघड होऊन बसतो. तो का अवघड होतो आणि त्यातून वाट कशी काढतात, हे येथे पाहावयाचे आहे.

एकक चाचणी म्हणजे काय?

प्रोग्रॅमचा एक लहानसा भाग सुटा काढायचा, त्याला ठरावीक माहिती द्यायची आणि अपेक्षित उत्तर आले की नाही हे दुसऱ्या छोट्या प्रोग्रॅमकरवी तपासायचे, ही झाली एकक चाचणी. केंट बेक यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी अशा चाचण्यांची चौकट तयार केली. पुढे १९९७ साली एरिक गामा यांच्यासह त्यांनी जावा भाषेसाठी ‘जेयुनिट’ लिहिले आणि ही पद्धत जगभर रुजली. अशा चाचण्या शेकड्यांनी असतात. प्रोग्रॅमची एक ओळ बदलली तरी त्या सगळ्या पुन्हा चालवायच्या असतात, म्हणून त्या क्षणात संपल्या पाहिजेत आणि एकीचा परिणाम दुसरीवर होता कामा नये. मायकेल फेदर्स यांनी २००५ साली यासाठी एक कडक नियम मांडला: जी चाचणी डेटाबेसशी बोलते, तिला एकक चाचणी म्हणूच नये. नियम वाचताना पटतो. पण ज्या प्रोग्रॅमचे सारे आयुष्य नोंदी ठेवण्यात जाते, त्याच्या बाबतीत तो शब्दशः पाळायचा म्हणजे पोहण्याची परीक्षा विहिरीच्या काठावर घेण्यासारखे आहे.

अडचणीचे मूळ स्मरणशक्तीत आहे. बेरीज करणाऱ्या प्रोग्रॅमला कालचे काही आठवत नाही. डेटाबेसचे काम मात्र आठवण ठेवणे हेच. पहिल्या चाचणीने एका गटाला एक वारस लावला आणि दुसरीने त्याच गटाचे खातेदार मोजले, तर दुसरीला एक माणूस जास्त सापडतो. ती एकटी चालवली की उत्तीर्ण, पहिलीनंतर चालवली की नापास. असे दोन-चार वेळा झाले की प्रोग्रॅमर मंडळी ‘पुन्हा एकदा चालवून पाहा, होईल पास’ असे म्हणू लागतात. त्या दिवसापासून खरी चूकही त्याच वाक्याखाली झाकली जाते. चाचणी नसण्यापेक्षा ही अवस्था वाईट, असे या लेखकाचे मत आहे.

हिशेब वेगळा, नोंद वेगळी

पुढील विवेचनासाठी वारसनोंदीचा एक काल्पनिक प्रोग्रॅम डोळ्यांसमोर ठेवू. पेण तालुक्यातील एका गटाचे लागवडीलायक क्षेत्र १.१५.०० आहे, म्हणजे १ हेक्टर १५ आर. खातेदार मयत झाला. तीन वारस, तिघांचे हिस्से समान. एकूण ११,५०० चौरस मीटरना तिनाने भागले की प्रत्येकी ३,८३३ आणि वर तिसरा हिस्सा. उताऱ्यावर प्रत्येकाच्या नावासमोर ०.३८.३३ लिहिले, तर तिघांची बेरीज १.१४.९९ होते. एक चौरस मीटर जमीन कुठेच नाही. ती कोणाच्या नावे लावायची, की सामाईक क्षेत्र म्हणून तिघांची नावे एकत्र ठेवायची, हे नियमाने ठरते. पण हिश्श्यांची बेरीज मूळ क्षेत्राइतकीच आली पाहिजे, हे चाचणीला ठामपणे सांगता येते.

क्षेत्र लिहिण्याची पद्धतही सापळ्याची आहे. कोणी ०.५.५ असे लिहिले, तर त्याचा अर्थ ५ आर ५ चौरस मीटर, म्हणजे ५०५ चौरस मीटर. मधले टिंब दशांशचिन्ह समजून प्रोग्रॅमने ते ०.५५ हेक्टर म्हणून वाचले, तर ५,५०० चौरस मीटर होतात. जुन्या दस्तांतील एकर-गुंठ्यांचे रूपांतर हा आणखी एक मासला. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. चाळीस गुंठ्यांचे एकदम रूपांतर केले तर एक एकराचे ४,०४७ चौरस मीटर होतात. प्रत्येक गुंठा आधी १०१ वर आणून मग बेरीज केली तर ४,०४०. सात चौरस मीटर म्हणजे घराची एक लहान खोली, आणि एवढ्यावरून गावात बोलाचाली बंद होऊ शकते.

यांतील एकाही प्रश्नासाठी डेटाबेस लागत नाही. अडचण अशी की, घाईत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये भागाकार, गोलाकार करणे आणि नोंद साठवणे ही कामे एकाच आज्ञेत गुंफलेली असतात. त्यामुळे साधा भागाकार तपासायलाही आधी डेटाबेस उभा करावा लागतो, त्यात गाव घालावे लागते, गट घालावा लागतो, खाते उघडावे लागते. म्हणून पहिला उपाय चाचणीचा नसून रचनेचा आहे: हिशेब करणारा भाग आणि नोंद ठेवणारा भाग यांच्यात हद्द आखणे. रोहे स्थानकात मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. प्रवासी त्याच डब्यात बसलेला असतो, त्याला काही जाणवतही नाही; पण रुळांची जबाबदारी कुठे बदलते हे दोन्ही बाजूंना नेमके ठाऊक असते. प्रोग्रॅममध्येही अशी एक जागा हवी. तिच्या अलीकडचा हिशेब डेटाबेसशिवाय, क्षणभरात, हजार प्रकारच्या आकड्यांनी तपासता येतो, आणि बहुतेक चुका खरे तर तिथेच सापडतात.

तोतया काय सांगू शकतो?

हद्दीपलीकडचा भाग तपासताना दुसरा उपाय सुचवला जातो: खऱ्या डेटाबेसच्या जागी नकली उभा करावा. इंग्रजीत त्याला मॉक, स्टब, फेक अशी नावे आहेत. जेरार्ड मेस्झारोस यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात या साऱ्यांना मिळून ‘टेस्ट डबल’ म्हटले. मराठीत आपल्याकडे अधिक चांगला शब्द आहे, तोतया. सदाशिवरावभाऊंचा तोतया १७७६ साली कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला, त्याआधी त्याने कोकणचा बराच मुलूख आपल्यामागे उभा केला होता. तोतया जोवर विचारलेल्या प्रश्नांची पढवलेली उत्तरे देतो, तोवर तो खराच वाटतो.

डेटाबेसचा तोतयाही असाच असतो. ‘गट क्रमांक विचारला तर हे तीन खातेदार सांग’ असे त्याला पढवले, की तो तेच सांगतो. त्यावरून प्रोग्रॅमने प्रश्न विचारला एवढे कळते. प्रश्न बरोबर होता का, हे कळत नाही. रकान्याचे नाव चुकले, दोन तक्ते चुकीच्या दुव्याने जोडले, तरी तोतया हसून मान डोलावतो. डेटाबेसविषयी आपला जो समज असतो तोच तोतयाच्या तोंडून परत ऐकू येतो.

आणि समज चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. एडगर कॉड यांच्या १९७० च्या मांडणीप्रमाणे तक्त्यातील ओळींना क्रमच नसतो. क्रम हवा असेल तर तो मागावा लागतो. तीन ओळींच्या नकली तक्त्यात त्या नेहमी घातल्या त्याच क्रमाने येतात, आणि क्रम मागायचा राहून गेला हे कधीच उघड होत नाही. क्रम मागितला तरी सर्व्हे नंबर अक्षरे म्हणून साठवलेले असतील तर १ नंतर १०, मग १००, आणि त्यानंतर २ येतो. १२/१०, १२/२ आणि १२/१/अ असे हिस्से असले की गोंधळ पुरा होतो.

मराठी नावांचा प्रश्न याहून बिकट. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील ऱ्ह युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसच्या लेखी ती दोन माणसे ठरू शकतात. तालुक्याचे नाव कोणी ‘रोहा’ लिहितो, कोणी ‘रोहे’. १९८१ पूर्वीच्या कागदांवर जिल्हा कुलाबा आहे, नंतरच्या कागदांवर रायगड. एखादा डेटाबेस अशी अक्षरे एक मानतो की वेगळी, हे त्याच्या तुलनेच्या नियमांवर अवलंबून असते आणि ते नियम तोतयाला ठाऊक नसतात.

काही जण मधला मार्ग म्हणून चाचणीपुरता हलका डेटाबेस वापरतात. एसक्यूलाइट हा त्यांतला लोकप्रिय. तो उत्तम आहे, पण त्याचा स्वभाव वेगळा: आकड्यांच्या रकान्यात अक्षरे घातली तरी तो सहसा तक्रार करत नाही, आणि दोन तक्त्यांमधील दुव्याचे बंधन मुद्दाम चालू केल्याखेरीज तपासत नाही. ओरॅकल रिकामी अक्षरमाला आणि ‘नोंदच नाही’ या दोन गोष्टी एकच मानतो, इतर अनेक डेटाबेस तसे मानत नाहीत. ‘इतर हक्क’ हा रकाना कोरा आहे की त्यातील नोंद अजून झालेलीच नाही, यावर कर्ज मंजूर होणे अवलंबून असेल, तर हा फरक किरकोळ नव्हे.

खरा डेटाबेस, पण चाचणीपुरता

म्हणून हद्दीपलीकडच्या भागाची चाचणी प्रत्यक्षात जो वापरला जाणार त्याच जातीच्या, त्याच आवृत्तीच्या डेटाबेसवर घ्यावी, या मताकडे आता बहुतेक जाणकार झुकले आहेत. पूर्वी हे खर्चिक होते: सर्वांत मिळून एकच चाचणी-डेटाबेस असे आणि दहा जण एकमेकांच्या नोंदी पुसत. डॉकर २०१३ मध्ये आल्यानंतर प्रत्येक चाचणीसंचासाठी स्वतंत्र, कोरा डेटाबेस काही सेकंदांत उभा करून काम संपताच मोडून टाकणे शक्य झाले. फेदर्स यांच्या व्याख्येत या एकक चाचण्या बसत नाहीत; त्यांना जोडणी-चाचण्या म्हणावे. नावावरून भांडण्यात अर्थ नाही, पण त्या वेगळ्या गठ्ठ्यात ठेवाव्यात, म्हणजे जलद चाचण्यांची गती मंदावत नाही.

प्रत्येक चाचणीनंतर डेटाबेस पूर्ववत करण्याची रूढ युक्ती म्हणजे चाचणी एका व्यवहारात, अर्थात ट्रॅन्झॅक्शनमध्ये चालवायची आणि शेवटी तो मागे घ्यायचा. स्वस्त आणि जलद. परंतु या युक्तीच्या मर्यादा ठाऊक नसल्या तर ती फसवते. व्यवहार पक्का करताना जी बंधने तपासली जातात, ती येथे कधीच तपासली जात नाहीत, कारण व्यवहार पक्का होतच नाही. मायएसक्यूएलमध्ये तक्त्याची रचना बदलणारी आज्ञा दिली की चालू व्यवहार आपोआप पक्का होतो आणि मागे घ्यायला काही उरत नाही. पोस्टग्रेसमध्ये व्यवहार मागे घेतला तरी अनुक्रमांक मागे येत नाहीत. फेरफार नोंदवहीत ४१२ नंतर ४१३ यावा अशी तलाठ्याची, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याची, अपेक्षा असते. डेटाबेसने मधला क्रमांक वाया घालवून ४१४ दिला, तर कागदी वहीचे पान फाडल्यासारखे दिसते. तोतयाकडून मात्र ४१२, ४१३, ४१४ असे शिस्तीत आकडे येत राहतात.

सर्वांत कठीण चाचणी आहे ती दोन माणसांनी एकाच वेळी केलेल्या कामाची. समजा, रोहा तालुक्यातील एका गटावर सेवा सहकारी संस्थेच्या कर्जाचा बोजा चढवायचा आहे आणि त्याच गटाच्या विक्रीचा फेरफारही त्याच वेळी मंजूर होत आहे. दोन्ही कामे सुरू होताना उतारा वाचला जातो. दोघांनाही ‘इतर हक्क’ कोरा दिसतो. पहिल्याने बोजा लिहिला. दुसऱ्याने खरेदीदाराचे नाव लावून पूर्ण उतारा पुन्हा साठवला, आणि त्याबरोबर आपल्याजवळचा जुना कोरा रकानाही. बोजा नाहीसा झाला. कोणी लबाडी केली नाही, कोणतीही आज्ञा नापास झाली नाही, आणि कर्ज असलेली जमीन निर्वेध म्हणून खरेदीदाराच्या हाती पडली.

ही चूक एका ओळीत एकामागोमाग चालणाऱ्या चाचण्यांत दिसूच शकत नाही. तिच्यासाठी डेटाबेसशी दोन स्वतंत्र जोडण्या उघडाव्या लागतात, पहिली अर्ध्यावर थांबवून दुसरी पुढे न्यावी लागते. येथे वर सांगितलेली मागे घेण्याची युक्तीही चालत नाही, कारण अपक्क्या व्यवहारातील नोंद दुसऱ्या जोडणीला दिसत नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक उताऱ्याला आवृत्ती क्रमांक द्यायचा आणि वाचताना जो क्रमांक होता तोच लिहिताना असेल तरच नोंद स्वीकारायची. चाचणीने इतकेच पाहावयाचे, की उशिरा आलेल्याला नकार मिळतो आणि बोजा जागेवर राहतो. अशी एक चाचणी लिहायला कधी कधी अर्धा दिवस लागतो. तो द्यावा.

तारखांबद्दल थोडक्यात. फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते. प्रोग्रॅम संगणकाच्या घड्याळातून ‘आज’ वाचत असेल, तर मे महिन्यात उत्तीर्ण झालेली चाचणी जूनमध्ये नापास होते. ‘आज’ बाहेरून द्यावा आणि चौदावा, पंधरावा, सोळावा हे तिन्ही दिवस तपासावेत. नोटिशीचा दिवस मोजायचा की नाही, हे प्रोग्रॅमरने आपल्या मनाने ठरवायचे नसते. महसूल खात्याला विचारायचे असते.

साचा आणि आखणी

चाचणीसाठी माहिती कुठून आणावी, यात नवशिके हमखास चुकतात. सोपी वाट म्हणजे एखाद्या खऱ्या तालुक्याच्या डेटाबेसची नक्कल घ्यायची आणि त्यावर चाचण्या लिहायच्या. मग चाचणीत लिहिलेले असते, ‘या गटाचे खातेदार सात’. सातच का, हे वर्षभराने कोणालाच सांगता येत नाही, आणि नक्कल ताजी केली की आठ होतात. शिवाय खऱ्या लोकांची नावे प्रोग्रॅमरच्या टेबलावर पसरतात ती वेगळीच.

याउलट पेणच्या गणपती कारखान्यांत काम कसे चालते ते पाहावे. मूर्तीचे अंग साच्यातून निघते, शेकड्यांनी आणि एकसारखे; डोळ्यांची आखणी मात्र कसलेला हात प्रत्येक मूर्तीवर स्वतंत्र करतो. चाचणीची माहितीही अशी असावी. गाव, गट, खाते, आकार यांचा एक साचा प्रोग्रॅममध्येच ठेवावा, त्यातून प्रत्येक चाचणीने आपला नवा उतारा काढावा आणि त्या चाचणीपुरती जी गोष्ट महत्त्वाची, तेवढीच हाताने आखावी: येथे तीन वारस, तेथे बोजा, आणखी एका ठिकाणी पोटखराबा. वाचणाऱ्याची नजर मग थेट त्या एका गोष्टीवर जाते.

चावडीवरची चाचणी

महाराष्ट्राने या विषयातील एक मोठा प्रयोग स्वतःच करून पाहिला आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना असंख्य तफावती राहिल्या, तेव्हा ई-फेरफार प्रकल्पात २०१७ साली गावोगाव चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकीकृत उतारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायचे, हस्तलिखिताशी ताडायचे, हरकती नोंदवायच्या आणि दुरुस्त्या करायच्या. संगणकाच्या परिभाषेत ही अंतिम स्वीकृती-चाचणी, तीही ज्यांची जमीन त्यांच्याच साक्षीने. तिच्यातून सुटलेल्या लेखनचुकांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५५ आहेच. त्याखाली अर्ज करून चूक दुरुस्त करून घेता येते.

पण चावडीवर ‘क्षेत्र कमी दिसते’ असे कोणी उठून सांगितले, तरी दोष कुठला हे तिथे उमगत नाही. टंकताना आकडा चुकला, गुंठ्यांचे रूपांतर चुकले, की दोन फेरफार एकमेकांवर आपटले? उतारा तेवढा दुरुस्त केला आणि रूपांतराचा दोष प्रोग्रॅममध्ये तसाच राहिला, तर तोच दोष शेजारच्या गावात पुन्हा निघतो. म्हणून जाणते प्रोग्रॅमर अशी तक्रार आली की आधी तिच्याच आकड्यांची एक चाचणी लिहितात, ती नापास होते हे डोळ्यांनी पाहतात आणि मगच प्रोग्रॅमला हात लावतात. तक्रारदाराचे नाव गळते, आकडे मात्र चाचणीत कायम राहतात.

सातबाऱ्याचा नमुना सप्टेंबर २०२० मध्ये बदलला. खातेदाराच्या नावासोबत खाते क्रमांक आला, प्रलंबित फेरफार दिसू लागले, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली. बिनशेती जमिनीसाठी हेक्टर जाऊन आर-चौरस मीटर हे एकक आले, म्हणजे वर पाहिलेल्या ०.५.५ च्या चाचणीला बिनशेतीसाठी एक जुळी बहीण द्यावी लागली असती: तेथे आकड्यांचे दोनच गट, आणि ५.५ म्हणजे ५ आर ५ चौरस मीटर. नमुना बदलताना जुन्या नोंदी नव्या रचनेत नेणारा प्रोग्रॅम एकदाच चालवायचा असतो, म्हणून त्याची चाचणी पुष्कळदा कोणी लिहीतच नाही. अडीच कोटी उताऱ्यांवरून एकदाच फिरणाऱ्या त्या प्रोग्रॅमची चाचणी सर्वांत आधी लिहावी.